केसभर मागे

दादाचा हात केसभर मागे पडतो, हे बँडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, एक दादा सोडून. त्याला ते कळू न देता अकरा गावांचा दौरा पार पाडायचा, असं बारकीने ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे आपण सगळेच ठरवतो तसं. दुसऱ्याने सुचवलं, तिने मान हलवली आणि आठ दिवसांत तिला तो स्वतःचाच विचार वाटायला लागला.

बारकी ही दादाची धाकटी बहीण, बँडची गायिका. पोस्टरवर मधोमध तिचाच चेहरा. दादा तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. तो की-बोर्ड वाजवायचा, गाणी लिहायचा, चाली लावायचा आणि पोस्टरवर कोपऱ्यात अर्धा दिसायचा. ड्रमवर ठोक्या. गिटारवाला मात्र दर वर्षी नवा, त्यामुळे त्याला नाव पडायला सवडच मिळत नसे.

बँडचं नाव 'गळका नळ'. सुरुवातीला त्यांनी 'जिना' हे गाणं घरच्या बाथरूममध्ये रेकॉर्ड केलं होतं, कारण तिथे आवाज छान घुमायचा. पण नळ टिपटिपत होता. दहा वेळा गायले, दहाही वेळा नळ मध्ये बोललाच. शेवटी दादा म्हणाला, "राहू दे त्याला. आपल्यातलाच आहे." गाणं लोकांच्या फोनवर गेलं आणि लोक त्या टिपटिपीच्याच प्रेमात पडले. नळ तालात नव्हता. दादाही नव्हता. तेव्हा कुणाचं काही अडलं नव्हतं.

'तळमजला' या नव्या अल्बमसाठी मोठा प्रोड्यूसर मिळाला आणि अडायला लागलं. तीन दिवस त्याने निमूट ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी बारकीला कॉफीच्या मशीनपाशी गाठलं.

"तुझा भाऊ चाल लावतो ती एक नंबर. पण हात मागे पडतो. प्रत्येक ठोक्याला केसभर."

"त्याची डाव्या हाताची दोन बोटं..."

"कारण सांगू नकोस. रेकॉर्डमध्ये कारण ऐकू येत नाही."

कारण असं होतं. घरात दोघांपैकी एकाचीच संगीताची शिकवणी चालू राहील असं ठरलं, तेव्हा दादाने आपली बंद केली आणि काच कापायच्या दुकानात कामाला लागला. दुसऱ्याच वर्षी एक काच हातातून सटकली आणि दोन बोटांच्या शिरा घेऊन गेली. बोटं शिवली, पण ती पुढे कायम उशिराच हलायची. हे सगळं बारकीला माहीत होतं. मुलाखतींतून ते सांगताना तिने दोनदा डोळ्यांत पाणीही आणलं होतं.

दादाला घरी पाठवून प्रोड्यूसरने त्याचे सगळे तुकडे मशीनवर नव्याने बसवले, एकेक सूर मोजून. 'जिना' पुन्हा रेकॉर्ड झालं तेव्हा नळही पुसून टाकला. अल्बम आला त्या दिवशी दादाने हेडफोन लावून तो अथपासून इतिपर्यंत ऐकला, डोळे मिटून, मांडीवर बोटं नाचवत. मग हेडफोन काढून म्हणाला, "बारके, बघितलंस? बोटं सुटली माझी!"

सांगायचं तर त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण त्याचा चेहरा असा काही फुलला होता की तिला ते जड गेलं. आणि खरं सांगायचं, तर तिला कंटाळाही आला. ती म्हणाली, "सुटलीच की."

एका वर्तमानपत्राने लिहिलं, 'की-बोर्ड वाजवणाऱ्याच्या हातात घड्याळ आहे.' वहिनीने ते कापून फ्रिजवर चिकटवलं.

दौऱ्याची सोय साउंडवाल्याने केली. हा माणूस तोंडात कायम खोकल्याची गोळी ठेवून बोलायचा, त्यामुळे तो काहीही बोलला तरी औषधी वाटायचं. हल्ली स्टेजवरचा प्रत्येक जण कानात इअरफोनची बोंडं घालून वाजवतो. कुणाच्या कानात काय जाईल आणि बाहेर लोकांना काय ऐकू येईल, हे मागे तंबूत बसलेला साउंडवाला ठरवतो. त्याने बारकीला टॅबलेटवर बोटाने दाखवलं. दादाचा की-बोर्ड फक्त दादाच्या कानात. बाहेर मात्र लॅपटॉपमधला, अल्बमचा की-बोर्ड.

"त्याला कळलं तर?" बारकीने विचारलं.

"ताई, ज्याला कानात स्वतःचं छान ऐकू येतं, तो बाहेरचं कशाला विचारतोय?"

बारकीला हसू आलं. मग ती म्हणाली, "माझ्याही कानातून काढ त्याला. तो मागे पडला की माझा तोल जातो." साउंडवाल्याने बोट खाली ओढलं आणि दादा तिच्या कानातून गेला. एवढंसंच काम होतं ते.

दौऱ्याची बस लांबलचक रस्त्यांनी जायची आणि वेळ जाता जात नसे. ठोक्याने खेळ शोधून काढला. तो गंभीर तोंड करून म्हणायचा, "दादा, काल चौथ्या गाण्यात जरा घाई केलीस हं."

"केली का रे?" दादाचा चेहरा पडायचा. मग तो की-बोर्ड मांडीवर घेऊन, हेडफोन लावून, गाव येईपर्यंत चौथं गाणं घोटत बसायचा. संध्याकाळी कार्यक्रम संपला की घाम पुसत आधी ठोक्याकडे यायचा. "आज?"

"आज एकदम फिट!"

दादा खूश होऊन चहा आणायला जायचा, आणि मागे सगळे तोंडात रुमाल कोंबून हसायचे. पहिल्यांदा बारकी हसली ती कुणाला वाईट वाटू नये म्हणून. दुसऱ्यांदा हसू आलं म्हणून. तिसऱ्या गावाला जाताना तिनेच सुरुवात केली, "दादा, काल पाचव्यात उजवा हात जरा जास्तच जोरात पडत होता." दादाने दिवसभर उजवा हात हलका ठेवायची सवय केली, तीही बोटं सुजलेली असताना.

चौथ्या गावात बारकीला सर्दी झाली. डॉक्टरांनी आठ दिवस गाऊ नका म्हणून सांगितलं. तिने कानामागे टाकलं. 'जिना'मध्ये शेवटी एक वरची ओळ आहे. तिथे गळा खरवडल्यासारखा व्हायचा, पण लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग घसा कशाला जुमानायचा?

एकटा दादा कुरकुरत होता. "बारके, वरचा सूर घसरतोय गं. एक पट्टी खाली घेऊ या का? मी चाल वळवतो तशी."

"लोक काय वेडे आहेत का टाळ्या वाजवायला?"

"लोकांचं मला माहीत नाही. माझ्या कानात तू येतेस ना, म्हणून सांगतो."

"काहीतरीच! काल तर बारकीचा सूर काय लागला!" ठोक्या म्हणाला. "अगदी अल्बममधल्यासारखा!" आणि त्याने दात काढून साउंडवाल्याकडे पाहिलं. साउंडवाल्याने टॅबलेटमध्ये डोकं घातलं. ठोक्या दादाला हसतोय हे बारकीच्या लक्षात आलं आणि तिला बरं वाटलं. ज्याचं स्वतःचं वाजवलेलं दौऱ्यात एकाही माणसाने ऐकलेलं नाही, त्याने आपल्याला सूर शिकवावा! दादा आपल्यावर जळतो, असं ती त्या दिवशी ठोक्याला बोललीसुद्धा. ठोक्या म्हणाला, "जळणारच की." त्याला काय, हरभऱ्याच्या झाडावर कुणीही चढो, खाली उभं राहून बघायला तो तयारच होता.

आता वहिनी. दादाची बायको दौऱ्यात दाराशी टेबल मांडून बँडचे टी-शर्ट विकायची. एरवी ती एका लाँड्रीत कामाला होती. दादाने तिच्यासाठी तिसऱ्या गाण्याच्या शेवटी चार सुरांची एक छोटीशी जागा घातली होती. अल्बममध्ये ती नव्हती. "ते तुझं," त्याने तिला सांगितलं होतं. "तेवढं ऐकत जा." त्यामुळे तिसरं गाणं सुरू झालं की वहिनी टेबल सोडून हॉलच्या दारात जाऊन उभी राहायची.

पाचव्या गावात ती बारकीला हळूच म्हणाली, "अगं, मला ती जागा ऐकूच येत नाही. तुला येते?"

"येते की. गर्दीत कळली नसेल तुला."

सहाव्या गावात वहिनी थेट स्पीकरसमोर उभी राहिली. पुन्हा तेच. "ह्याला कसं सांगू? रोज विचारतो, ऐकलंस का म्हणून. मी हो म्हणते."

आता काहीतरी करून वेळ मारून नेणं भाग होतं. बारकी म्हणाली, "वहिनी, रागावू नकोस, पण कान दाखवून घे एकदा. इतकी वर्षं त्या मशीनच्या धडधडीत काम करतेस तू."

वहिनी साधी. तिला ते पटलं. इतकं पटलं की दुसऱ्या दिवसापासून तिला खरंच कमी ऐकू यायला लागलं. टेबलावर गिऱ्हाईक काही बोललं की ती कानामागे हात धरायची, "काय? परत सांगा." स्वतः मोठ्याने बोलायची. ठोक्याला तर पर्वणीच. तो तिच्यासमोर जाऊन नुसते ओठ हलवायचा, आवाज न काढता. वहिनी घाबरीघुबरी होऊन त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. एकदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा बारकीने ठोक्याला दटावलं, पण हसत हसत. असल्या दटावण्याला कोण भीक घालतो?

नवव्या गावात मोकळा दिवस होता. दादा वहिनीला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. दुपारी बारकी हॉटेलच्या खोलीत गरम पाण्याच्या भांड्यावर वाकून, डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत होती. दार वाजलं. दादाच होता, हातात डॉक्टरचा कागद.

"कान ठणठणीत आहेत तिचे," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, लहान मुलासारखे."

बारकीने टॉवेल आणखी पुढे ओढला.

"बारके, माझं बाहेर ऐकू येतं ना?"

आत वाफेने तिचं नाक मोकळं झालं होतं. टॉवेल काढावा आणि सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. खोटं नाही, आलं. अजून दोनच गावं होती. ती म्हणाली, "येतं की."

"नक्की?"

"दादा, वाफ जातेय माझी."

तिला टॉवेलखालून त्याची पावलं दिसत होती. मग त्याने दार हळूच ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दहाव्या गावात, तिसरं गाणं संपता संपता बारकीने वळून पाहिलं. दादाने डाव्या हाताने कानातलं बोंड उपसलं होतं. तो एकाच हाताने वाजवत होता आणि स्पीकरमधून दोन्ही हातांचं वाजत होतं, एकेक सूर मोजल्यासारखा. वहिनीच्या जागेची वेळ आली. त्याने उजव्या हाताने ते चार सूर वाजवले आणि मान तिरकी करून ऐकलं. मग बोंड परत कानात घातलं आणि पुढचं गाणं नीट वाजवलं.

बारकी पटकन लोकांकडे वळली. कार्यक्रम संपल्यावर ठोक्या नेहमीप्रमाणे म्हणाला, "दादा, आज तिसऱ्यात जरा मागे पडलास."

"हो का?" दादा म्हणाला. "उद्या बघतो."

बसमध्ये त्याने की-बोर्ड बाहेर काढला नाही. वहिनीच्या शेजारी बसून तो तिच्या कानाशी बराच वेळ हळू आवाजात काहीतरी बोलत होता, आणि ती मान हलवत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. तो शांत आहे हे बघून बारकीला हायसं वाटलं. समजूतदार आहे दादा, तिने स्वतःला सांगितलं. दौरा संपला की आपण बसून बोलू. दहा गावांत केसाने गळा कापून झाल्यावर माणसाला बसून बोलायची फार घाई होते.

शेवटचा कार्यक्रम त्यांच्या स्वतःच्या गावात. मोठं मैदान, दुपारचे चार वाजलेले, लख्ख ऊन. स्टेजच्या दोन्ही बाजूंना घराएवढे पडदे, म्हणजे लांबच्यांनाही सगळं दिसावं.

'जिना'आधी बारकी रोज एक किस्सा सांगायची. तोही ठरलेला. ती नऊ वर्षांची असताना शाळेच्या स्पर्धेत गाण्याचे शब्दच विसरली. दादा शाळेच्या जुन्या पियानोवर बसला होता. त्याने सुरुवातीचा तुकडा परत वाजवला. तिला आठवेना. त्याने पुन्हा पहिल्यापासून घेतला. असा आठ वेळा, हनुवटीने तिला "ये, ये" म्हणत, तिला शब्द आठवेपर्यंत. लोकांना वाटलं गाणंच तसं आहे. ती पहिली आली.

"तर हा माझा दादा!" ती माइकमध्ये म्हणाली. गावचे लोक, टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. 'जिना'ची सुरुवात एकट्या की-बोर्डने होते, म्हणून कॅमेरावाल्याने दादाचे हात पकडले. दोन्ही पडद्यांवर घराएवढे हात.

दादाने ते वर केले. पोलिसांनी हटकल्यावर माणूस करतो तसे, तळवे पुढे. आणि सुरुवातीचा तुकडा वाजायला लागला. स्वच्छ, वेळेवर, एका केसाचाही फरक नाही.

लोकांना आधी वाटलं, गंमत आहे. हसले. दादाने हात काखेत घातले आणि उभा राहिला. की-बोर्ड वाजतच होता. हसणं बदललं. कुणीतरी शिट्टी मारली. "नळ बंद करा!" कुणीतरी ओरडलं, आणि मैदानभर तेच सुरू झालं. कॅमेरावाला तिथून हलेना. अख्ख्या दिवसात त्याला याहून चांगलं काही मिळालेलं नव्हतं. ठोक्याने खाली मान घालून ठोके चालू ठेवले. बारकीने दादाकडे पाहिलं. तो चिडलेला नव्हता. तिच्याकडेच बघत होता, आणि पायाने ताल मोजत होता.

कानात ताल मोजणारी लॅपटॉपची टिकटिक चालू होती, म्हणून तिने गायला सुरुवात केली. दुसरं करणार काय? कडवं कसंबसं झालं. मग वरची ओळ आली आणि तिचा गळा मिटला. आवाज नाही, हवासुद्धा नाही. तिने तोंड बंद केलं. कानात फक्त टिकटिक आणि ड्रम.

आता मैदान गप्प होईल असं तिला वाटलं. पण लोक हसत होते, आधीपेक्षा जास्त, पडद्याकडे बोटं दाखवून. पडद्यावर आता ती होती, ओठ घट्ट मिटलेली. काय चाललंय ते तिला कळेना. तिने उजव्या कानातलं बोंड उपसलं.

बाहेर ती गात होती. वरची ओळ, मोकळ्या गळ्याने, सर्दीचा मागमूस नाही. अगदी अल्बममधल्यासारखी.

तिने लांब तंबूकडे पाहिलं. साउंडवाल्याने दोन्ही हात हवेत पसरले आणि गोळी या गालातून त्या गालात घेतली. चौथ्या गावापासून हेच चाललं होतं, तिच्या लक्षात आलं. ठोक्या चौथ्या गावापासून दात काढत होता, ते दादाला बघून नव्हे. आणि दौरा सगळा खोटं बोलत असताना तिच्या सुराबद्दल खरं बोलला तो एकटा दादा. कारण तिचा खरा आवाज तिच्याखेरीज त्याच्याच कानात येत होता.

दादाची दोन्ही बोंडं कानातच होती. बाहेर काय वाजतंय हे त्याला कळत नव्हतं. त्याला एवढंच कळलं की बारकी थांबली.

त्याचे हात काखेतून सुटले आणि की-बोर्डवर पडले. बारकीने त्याची बोटं पाहिली. सुरुवातीचा तुकडा. संपला, बोटं परत पहिल्या पट्टीवर. पुन्हा तोच. दोन बोटं बाकीच्यांच्या मागून, केसभर उशिरा. हनुवटीने तो तिला खुणावत होता, ये, ये. चेहऱ्यावरचा हिशेब चुकता करायचा मघाचा भाव पार पुसला गेला होता.

तिने घाईघाईने बोंड कानात कोंबलं, दोन्ही हातांनी दोन्ही कान दाबून धरले. टिकटिक. ड्रम. बाकी काही नाही. तिथून तिनेच त्याला काढायला लावलं होतं. बाहेर मैदानावरही तो नव्हता. तिथे अल्बम वाजत होता आणि लोक पोट धरून हसत होते.

ती त्याच्या बोटांकडे बघत फेऱ्या मोजत राहिली. शाळेत आठ झाल्या होत्या. दादाने नववी सुरू केली.